सैल ठेवलेला टॅपेट

तिसरीच्या वर्गाला बाराचा पाढा म्हणायला लावून मी वह्या तपासत होते, तेवढ्यात शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, डिचोलेच्यान फोन आयला तुमकां." गणपतीची चवथ नुकतीच झाली होती. दसऱ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी डिचोलीहून मारुती मिस्त्रींचा फोन यायचाच. "बाई, पेट्रोल ताजं आणून ठेवा, जुन्यावर लागायचं न्हाई," हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य, आणि "ठाऊक आहे हो मिस्त्री, मी काय आजची आहे?" हे माझं दरवर्षीचं उत्तर. ते उत्तर तोंडात घेऊनच मी ऑफिसात गेले. रिसीव्हर उचलला तर पलीकडे शांताक्का, मिस्त्रींची बायको. "बाई..." एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "काल दुपारी जेवून गॅरेजात खुर्चीवर बसलं, ते बसल्या बसल्याच..." वर्गातून पाढ्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवून परत गेले आणि तास संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिले. मुलं शहाणी, त्यांनी तो पाढा पाच-सहा वेळा म्हटला.

मारुती मिस्त्री आमचे नात्याचे नव्हते, गावचे नव्हते, भाषेचेही म्हटलं तर अर्धेच होते. गडहिंग्लजच्या बाजूचे. तरुणपणी सुर्ल्याच्या खाणींवर ट्रक दुरुस्त करायला आले आणि पुढे डिचोलीच्या वेशीवर स्वतःचं गॅरेज काढून इथेच राहिले. आमच्या अप्पांची आणि त्यांची गाठ पडली ती सुर्ल्याच्या रस्त्यावर. अप्पांची पेडणे-म्हापसा भाड्याची गाडी होती, काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची अँबॅसिडर. एकदा लग्नाचं वऱ्हाड घेऊन तिकडे गेलेले असताना गाडी मध्येच बंद पडली. मागेपुढे खनिजाचे ट्रक, सगळीकडे तांबडी धूळ, आत नवरा मुलगा घामाघूम. अप्पा बॉनेट उघडून उभे होते. एका ट्रकाखालून हा तांबडा झालेला माणूस बाहेर आला. कुणी न विचारता त्याने एक लांब, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला, अप्पांना स्टार्टर मारायला सांगितला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि आतलं ऐकायला मूठ कानाला लावून डोळे मिटले. अप्पा हे सांगताना नेहमी हसायचे. "म्हाका दिसलें, हो मनीस न्हिदलो!" झोपलाच म्हणे. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. मुहूर्त टळला नाही. त्या दिवसापासून अप्पांनी दुसऱ्या कुणाला गाडीच्या बॉनेटला हात लावू दिला नाही.

मी तेव्हा नुकती शाळेत नोकरीला लागले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशा वयात होते. मिस्त्री महिन्या-दोन महिन्यांनी अप्पांबरोबर त्याच गाडीत बसून घरी यायचे, ओसरीवर चहा प्यायचे. माझ्याशी ते मराठीत बोलत आणि आईशी कोकणीत. ती कोकणी खाणीवरच्या ड्रायव्हरांकडून शिकलेली असल्यामुळे मध्येच एखादा असा शब्द यायचा की आई पदर तोंडाला लावून आत पळायची. ते आपले गोंधळून माझ्याकडे बघत. "काय चुकलं का वं बाई?" मी कधी सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

घरापुढे एक घाटी आहे. पेडण्याहून येणारा रस्ता देवळामागून ती उतरतो, तळीपाशी वळतो आणि आमच्या अंगणाला लागतो. संध्याकाळी अप्पांची गाडी घाटीच्या माथ्यावर आली की आम्हा सगळ्यांना कळायचं. उतारावर तिचा आवाज चढायचा, तळीच्या वळणावर अप्पा गियर पाडायला क्लच दाबायचे तेव्हा तो एकदम खाली यायचा, आणि अंगणात येऊन उभी राहिली की त्या सगळ्या आवाजाच्या आतून बारीक टिक-टिक, टिक-टिक ऐकू यायची. मग दार वाजायचं आणि अप्पांच्या हातात म्हापशाचे उंडे, गोल पाव, असायचे, कागदात गुंडाळलेले, अजून थोडे गरम. गाडीच्या किलोमीटरचे आकडे पहिल्यांदा सगळे नऊ होऊन शून्यावर आले तेव्हा अप्पांनी स्टँडवर पेढे वाटले होते. दुसऱ्यांदा शून्यावर आले तेव्हा ते अंथरुणावर होते.

पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून वारा गेला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. म्हणजे अगदीच गेलं नाही, पण दिवसाला चार-पाच शब्द, तेही जड जिभेने. त्यांची खाट आम्ही पुढच्या खोलीत जनेलाशी, अंगणाकडच्या खिडकीशी टाकली. गाडी माझा धाकटा भाऊ विनू चालवू लागला. दिवसभर अप्पा गप्प पडून असायचे, आणि संध्याकाळी घाटीवर आवाज आला की त्यांची मान जनेलाकडे वळायची. "आयली," म्हणायचे. गाडी उभी राहिली की डावा हात उचलून जेवायला वाढ म्हणून खूण करायचे. डॉक्टर सांगायचे भूक लागणं चांगलं लक्षण आहे. आम्ही म्हणायचो, औषधाचा गुण.

त्याच सुमारास गाडी धूर सोडू लागली. निळसर धूर, आणि तेल इतकं खायला लागली की विनू डिकीत तेलाचा डबा घेऊनच फिरायचा. घाटी चढताना पाशिंजर उतरून चालायला तयार असत. मी आणि विनू गाडी घेऊन डिचोलीला गेलो. मिस्त्रींनी बॉनेट नंतर उघडलं. आधी ते गाडीखाली शिरले, स्क्रू ड्रायव्हरने तळाचा पत्रा जागोजागी ठोकून बघितला, दारं उघडून-मिटून बघितली. मी म्हटलं, "मिस्त्री, दुखणं इंजिनाचं आहे." तर म्हणाले, "इंजिनाचं मागनं बघू. आधी गाडी राहणार किती दिवस ते बघू द्या. शरीर गेलं असंल तर आत नवं काळीज घालून काय उपेग?" पत्रा खणखणीत निघाला. समुद्राच्या वाऱ्यात एवढी वर्षं काढून खणखणीत, कारण अप्पा दर रविवारी गाडी खालून धुवायचे. मग त्यांनी एकेका सिलिंडरात दाब किती धरतो ते मोजलं, त्यात थोडं तेल ओतून पुन्हा मोजलं, आणि हात पुसत आमच्यासमोर बसले.

तीन वाटा आहेत, म्हणाले. हेच इंजिन उतरवून, उघडून पुन्हा बांधायचं. सिलिंडर आतून घासून मोठे करायचे, नवे पिस्टन, नव्या रिंगा, क्रँकला नवी बेअरिंगं. सामान कोल्हापूरहून यायचं, म्हापशात लेथवर नंबर लावायचा, दीड-दोन महिने गाडी उभी. दुसरी वाट, बेळगावात कुणाच्या तरी गाडीचं उतरवलेलं इंजिन मिळतं, ते आणून चार दिवसांत बसवायचं. "पण त्यानं कुणाच्या हाताखाली काय सोसलंय ते मला म्हाईत नसणार." आणि तिसरी वाट डिझेल. तेव्हा सगळे टॅक्सीवाले तेच करत होते. डिझेलचं इंजिन आणायचं, गाडीची चौकट थोडी कापून-जोडून ते आत बसवायचं, आठवड्यात गाडी रस्त्यावर आणि इंधनाला निम्मा खर्च. "तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं. त्यांनी अप्पांची गाडी एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघितली. "माझं म्हणाल तर बांधू या. ह्या इंजिनाला अप्पांचा हात म्हाईत हाय."

मला हसू आलं होतं, हे मी आज कबूल करते. इंजिनाला हात माहीत! घरात एक आजारी माणूस, विनूचं सगळं गाडीवर, दोन महिने ती उभी कशी करणार? मी विनूला बाहेर घेऊन तेच सांगितलं. त्याला तर आधीपासून डिझेलच हवं होतं. पण आई ऐकेना. अप्पांची गाडी, अप्पांना विचारता येत नाही, मग देवीला विचारायचं. "देवी सांगतली तें करूंया," म्हणाली आणि विषय संपला.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. देवीच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला पाण्यात भिजवलेल्या कळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. माझा कौलावर विश्वास नव्हता, आणि जिचा विश्वास नसतो तीच त्यात लबाडी करते. गुरवाने विचारलं, "प्रस्न कसो घालूं?" तेव्हा आई काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "डिझेल घालूं तर उजवो, गाडी विकून टाकूं तर डावो." गाडी विकायचं कुणाच्या मनातही नव्हतं. मला फक्त बांधण्याची गोष्ट प्रश्नातून बाहेर ठेवायची होती. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "देवी माये, तुजीं लेकरां दारांत आयल्यांत..." आणि आम्ही बसलो. आई हात जोडून, विनू घड्याळ बघत. मिस्त्रीही मुद्दाम डिचोलीहून आलेले, खांबाला टेकून उभे. बऱ्याच वेळाने उजवी कळी पडली. आईने डोळे पुसले. देवळातून उतरताना मिस्त्री माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाले, "बाई, वाटा तीन हुत्या. देवीला दोनच सांगितल्या की तुमी." मी पुढे चालू लागले. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आईला तर नाहीच.

गाडी त्यांनीच करून दिली. जुनं इंजिन भंगारवाल्याला द्यायचं ठरलं होतं, ते मिस्त्रींनी ठेवून घेतलं. "असू दे माझ्याकडं." गाडी तयार झाली त्या आठवड्यात कोकणी-मराठीचं, भाषेचं आंदोलन पेटलं होतं. ठिकठिकाणी रस्त्यावर झाडं आडवी, माणसं जमलेली, विनूला डिचोलीला जाता येईना. तिसऱ्या दिवशी दुपारी घाटीवरून ट्रॅक्टर उतरल्यासारखा आवाज आला. बघतो तर आमची गाडी, आणि स्टिअरिंगवर मिस्त्री. एका नाक्यावर कोकणीत बोलले म्हणून त्यांना सोडलं, दुसऱ्यावर मराठीत. "आनि म्हापशाच्या फुडं एकानं इचारलं, तू कुणाचा? म्हटलं, मी ह्या गाडीचा. सोडलं बगा." त्या दिवसांत आमच्या शाळेत सहकारी शिक्षक एकमेकांशी बोलत नव्हते. मीही त्यात होते, कोणत्या बाजूला ते आता सांगण्यात अर्थ नाही. मिस्त्रींच्या त्या वाक्याला मात्र आम्ही सगळेच खूप हसलो.

हसलो, आणि आत अप्पा जनेलाकडे तोंड करून पडलेले होते. त्यांनी मान वळवली नव्हती.

पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी विनू संध्याकाळी आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. अप्पांना आई भरवायला गेली तर त्यांनी तोंड मिटून घेतलं. "गाडी?" म्हणाले. "आयली न्हय! विनू जेवता पळय." आली की, हा बघा विनू जेवतोय, असं आईने समजावलं. त्यांनी डावा हात कानाशी नेला आणि नाही म्हणून हलवला. आम्ही विनूला त्यांच्यापुढे उभं केलं. त्यांनी विनूला बघितलं, पुन्हा जनेलाकडे बघितलं. गाडी अंगणात उभी होती आणि अप्पा गाडीची वाट बघत होते. एकदा विनू आणि शेजारचे दोघे त्यांना खुर्चीवर बसवून अंगणात घेऊन गेले. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, नंबराची पाटी चाचपली, मान हलवली. आम्हाला वाटलं, समजलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. "येवंक ना," म्हणायचे, म्हणजे आली नाही. आई रडकुंडीला येऊन दोन घास कसेबसे घालायची. महिन्याभरात त्यांचा गळा इतका बारीक झाला की सदऱ्याचं वरचं बटण लावलं तरी आत हात जायचा.

गुण औषधाचा नव्हता, हे तेव्हा मला कळलं. आणि प्रश्नातून मी काय बाजूला सारलं होतं तेही कळलं. देवीने तरी काय करायचं? तिला मी विचारलंच नव्हतं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी म्हापशाला बस बदलून डिचोलीला गेले. जाताना मनात मिस्त्रींशी भांडत होते. तुम्ही जोर का धरला नाही, गप्प का बसलात. गॅरेजात पोचले आणि उभ्या उभ्याच रडायला लागले. मिस्त्री हातातलं काम ठेवून शांतपणे ऐकत होते. शांताक्काने पाणी दिलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "सांजचं किती वाजता वाट बगत्यात?" मी म्हटलं, सहा-साडेसहा. "बरं," म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली शिरले. मला त्यांचा राग आला. मी चहासुद्धा न घेता निघाले.

पाच-सहा आठवडे गेले. एका रविवारी दुपारी एक उघडा टेंपो अंगणात आला. त्यात मिस्त्री, शांताक्का आणि ताडपत्रीखाली काहीतरी. ताडपत्री काढली तर लाकडाच्या भक्कम चौकटीवर बसवलेलं अप्पांच्या गाडीचं इंजिन. जुनं सायलेन्सर तारेने बांधलेलं, वर पेट्रोलचा डबा टांगलेला, बाजूला पाण्याचा डबा आणि बॅटरी. चौकटीच्या पायांखाली टायरचे तुकडे. पहिल्या वाटेने, सगळं उघडून, घासून, नव्या रिंगा घालून त्यांनी ते बांधलं होतं, दिवसाची कामं संपल्यावर. विनू म्हणाला, "मिस्त्री, आता एकदम नव्यासारखं वाजणार!" तेव्हा ते थोडे लाजल्यासारखे झाले. "न्हाई. एक टॅपेट सैल ठेवलाय. अप्पास्नी टिक-टिक ऐकू आली पायजे ना." आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांतली टिक-टिक बंद करण्यात गेलेला तो माणूस. चांगल्या बांधलेल्या इंजिनात त्याने हाताने एक दोष ठेवला होता.

इंजिन गोठ्याच्या बाजूला, अप्पांच्या जनेलापासून वीसेक पावलांवर ठेवलं. सहा वाजले. मिस्त्रींनी स्टार्टर दिला. एकदा, दोनदा. "तिसऱ्याला लागतंय," म्हणाले, आणि लागलं. मग त्यांनी कार्बोरेटरची दांडी दोन बोटांत धरली. आवाज आधी लांबून आल्यासारखा बारीक ठेवला. हळूहळू चढवला, घाटी उतरू लागली. चढत चढत गेला, आणि तळीच्या वळणावर एकदम खाली, जसा अप्पा गियर पाडताना यायचा. पुन्हा थोडा वर. मग अंगण. टिक-टिक, टिक-टिक. त्यांनी बंद केलं आणि स्वतःशीच म्हणाले, "पोचली गाडी."

आतून आवाज आला. "आयली."

आम्ही सगळे धावत खोलीत गेलो. अप्पांनी मान जनेलाकडे वळवलेली होती. डावा हात उचलला, जेवायला वाढ म्हणून. आई ताट आणायला वळली तेवढ्यात ते म्हणाले, "उंडे हाडले?" उंडे आणले का! सहा महिन्यांत ते एवढं मोठं वाक्य बोलले नव्हते. घरात उंडे नव्हते. विनू ती डिझेलची गाडी काढून पेडण्याला पोदेराच्या बेकरीत गेला आणि ती ट्रॅक्टरासारखी धडधडत घाटी चढून गेली तरी अप्पांना तिचं काही नव्हतं. त्यांची गाडी आली होती.

मग मिस्त्रींनी मला शिकवलं. दोन बोटांत दांडी कशी धरायची, उतारावर किती, वळणावर किती. चार-पाच रविवार ते त्यासाठी आले. "बाई, घाई करताय. अप्पा घाटीवर कधी घाई करत नव्हते." शेवटी मला जमलं. रोज सहाला विनूची गाडी देवळामागेच उभी राहायची, मी अंगणातून अप्पांची गाडी आणायची, आणि अप्पा जेवायचे. एकदा शाळेत मुख्याध्यापकांशी भांडून आले होते आणि तशीच दांडी ओढली. जेवताना अप्पा आईला म्हणाले, "विनूक सांग... वळणार सेकंड घाल म्हूण." मी दाराआड उभी होते. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. गोव्याचं वेगळं राज्य झालं त्या दिवशी गावात फटाके वाजले, पेढे वाटले, आणि सहा वाजता अप्पांनी विचारलं, गाडी येवंक ना? पुढच्या शिगम्यापर्यंत ते राहिले. शेवटच्या संध्याकाळीही जेवून गेले.

अप्पा गेल्यावर मिस्त्री इंजिन घेऊन जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी नेलं नाही. दसऱ्याला मात्र न चुकता यायचे. झेंडूची माळ आणायचे, इंजिन पुसायचे, स्टार्टर द्यायचे, आणि तो लांब स्क्रू ड्रायव्हर लावून, मूठ कानाला टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. मग घाटी उतरायचे, "पोचली गाडी" म्हणायचे आणि आईने "च्या दवरतां" म्हणत ठेवलेला चहा प्यायचे. पुढे डिझेलची गाडीही विनूने काढून टाकली, त्याने दुसरी घेतली. हे इंजिन तिथेच राहिलं. एका दसऱ्याला मी म्हटलं, "मिस्त्री, आता तरी तो टॅपेट आवळा. वाईट वाटत नाही तुमच्या हाताला?" ते म्हणाले, "नगं बाई. आवळला तर मग हे कुणाचं इंजिन म्हणायचं?" त्या वर्षी जाताना त्यांनी स्क्रू ड्रायव्हर चौकटीच्या खिळ्याला अडकवून ठेवला. हितंच असू दे, दरवर्षी कशाला ने-आण करायची, म्हणाले. मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. दरवर्षी ठरवायचे, आणि ते चहा पिऊन बसस्टॉपकडे चालायला लागले की राहून जायचं.

बाराव्याला मी डिचोलीला गेले. गावाकडची माणसं अग्नी द्यायला त्यांना गडहिंग्लजला न्यायचं म्हणत होती म्हणे, पण मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं होतं, हितंच. शांताक्का माझा हात धरून गॅरेजात घेऊन गेली. खुर्ची तशीच होती. म्हणाली, "बाई, तुमचं इंजिन बांधलं तवाची गोष्ट. रोज सांजचं काम आवरलं की ते लावून बसायचं. डोळं मिटून, दांडी हातात. खाली-वर, खाली-वर. महिनाभर. मला वाटलं, मानूस येडं झालं. म्हटलं, काय करताय? तर म्हनाले, बोलू नगंस, पेडण्याची घाटी उतरतोय." मी तिला विचारलं, हे मला आधी का सांगितलं नाही. ती म्हणाली, "त्यांनीच सांगू दिलं न्हाई. तुमी म्हनं लई रडता." हे ऐकूनही मी रडलेच. मला त्यांची फार आठवण येते. घरात काही बिघडलं, पंख्याचा आवाज बदलला, पंप अडला, की अजून वाटतं, मिस्त्री असते तर आधी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला असता.

या दसऱ्याला मी ताजं पेट्रोल आणून ठेवलं होतं. विनू म्हणाला, ताई, मी लावतो. मी नको म्हटलं. इंजिन पुसलं, माळ घातली, विनूच्या गाडीची बॅटरी आणून जोडली. खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याची मूठ त्यांच्या कानाला लागून लागून एका बाजूने काळी, गुळगुळीत झाली आहे. एकदा स्टार्टर दिला, दोनदा दिला. तिसऱ्याला लागलं. मी टोक टेकवून मूठ कानाला लावली, डोळे मिटले. आत सगळं नीट चाललं होतं, आणि एक टॅपेट सैल. मग दांडी दोन बोटांत धरली. घाई केली नाही. घाटी उतरले, तळीच्या वळणावर सेकंड घातला, अंगणात आले, बंद केलं. आणि नंतर माझ्या लक्षात आलं की मी तशीच उभी आहे, ते दोन शब्द कुणीतरी म्हणायची वाट बघत.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मिस्त्री गेल्याचं तिला आम्ही त्याच दिवशी सांगितलं होतं, ती रडलीही होती, पण अलीकडे कालचं तिच्याजवळ आज राहत नाही. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, भांड्याचाही आला.

"मारुतीबाब आयलो गे? च्या दवरूं?"

विनू माझ्याकडे बघायला लागला. मी स्क्रू ड्रायव्हर खिळ्याला अडकवला.

"आयलो गे आई," मी म्हटलं. "दवर."